लेणी आपल्याच डोंगरात होती, मग बुद्ध परत यायला 1956 का उजाडावं लागलं?

खामकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भारतातल्या बौद्ध धर्माचा आधुनिक इतिहास कुठेही वाचायला घ्या, तो ठरलेल्या वाटेनेच जातो. 1837 मध्ये प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली, कनिंगहॅमने सारनाथ आणि बोधगयेला उत्खनन केलं, 1891 मध्ये अनागारिक धर्मपाल बोधगयेला आले आणि महाबोधी सोसायटी उभी राहिली, आणि मग एकदम 14 ऑक्टोबर 1956, नागपूर, बाबासाहेब आंबेडकरांची धम्मदीक्षा. या सगळ्यात मराठवाड्याच्या वाट्याला येतो तो अजिंठ्याचा एक फोटो. मला हे वर्षानुवर्षं खटकत आलंय. आपल्या भागाने या इतिहासात फार मोठं काम केलंय आणि ते लेण्यांच्या बाहेर केलंय, असं माझं ठाम मत आहे.

आधी लेण्यांचं बोलू, कारण तो आपला अभिमानाचा विषय आहे आणि असायलाच हवा. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या शिलालेखांत पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव दान देताना दिसतो, मगिल नावाच्या राजवैद्याचं कुटुंब दिसतं. तिथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली असं कोरलंय. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या दात्यांची नावं पार सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत. म्हणजे आज आपण ज्या रस्त्यांनी कापूस घेऊन जातो, तिथल्याच व्यापाऱ्यांनी, वैद्यांनी, कारागिरांनी हा धर्म पोसला.

आमच्या औरंगाबाद शहराच्या उत्तरेला, विद्यापीठामागच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यातल्या तीन नंबरच्या लेण्यात जरूर जा. गाभाऱ्यात बुद्ध पाय खाली सोडून बसलेले आहेत आणि दोन्ही बाजूंना उपासक-उपासिका गुडघ्यांवर बसल्यात. माणसाच्या मापाच्या मूर्ती आहेत. केसांची वळणं, दागिने, जोडलेले हात, काहींच्या हातातल्या माळा, सगळं बारकाईने कोरलंय. देव नाहीत ते, भिक्खूही नाहीत, साधी संसारी माणसं आहेत. पर्यटक बहुतेक सात नंबरच्या लेण्यातली नृत्य करणारी तारा बघून परततात. माझ्या मते या डोंगरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही गुडघे टेकलेली मंडळीच आहेत, कारण सातव्या-आठव्या शतकानंतर आपल्याकडे हीच माणसं संपली. मूर्ती राहिल्या, विहार राहिले, पण वंदना करणारं घर उरलं नाही.

मग ते घर परत कसं आलं? लेणी सापडल्यामुळे तर नक्कीच आलं नाही. अजिंठ्याचा बोलबाला 1819 पासून होता. पुढच्या सव्वाशे वर्षांत त्या लेण्यांच्या पायथ्याच्या गावांत कुणी त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याची वंदना) म्हणायला लागलं नाही.

1934 सालची घटना घ्या. बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे 30 सहकारी वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. रस्त्याच्या धुळीने माखलेले, म्हणून किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला असा गलका झाला, लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आत सोडलं आणि पाळत ठेवायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. बुद्धाचं शिल्प बघायला जाणाऱ्या माणसाला वाटेत पाणी शिवायची बंदी! पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही येवल्याची घोषणा झाली. येवला म्हणजे आमच्या वैजापूरच्या पलीकडे. पुढे 30 डिसेंबर 1938 ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेत बाबासाहेब बोलले. निजामाच्या राज्यातल्या दलितांसाठी ती किती मोठी गोष्ट होती हे आज कळणं अवघड आहे.

आणि मग मिलिंद. माझ्या मते मराठवाड्यातला बौद्ध धर्माचा आधुनिक इतिहास जून 1950 मध्ये सुरू होतो, जेव्हा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याआधी निजामी अमलात उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली आणि उर्दूतून. खेड्यातल्या महारवाड्यातल्या पोराला ते दार उघडणं जवळपास अशक्य होतं. बाबासाहेबांनी जागा निवडली ती लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं, तर परिसराला उत्तरं देणाऱ्या नागसेन भिक्खूचं नाव दिलं. दीक्षा अजून झालेली नव्हती. पोरं मात्र नागसेनवनात राहून शिकायला लागली होती.

एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि नागपूर मध्य प्रदेशात. दोन्ही भाग मुंबई राज्यात आले ते 1 नोव्हेंबरला. म्हणजे आपल्याकडून जे दीक्षेला गेले ते दुसऱ्या राज्यात गेले. आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबच गेले. पुढचं सगळं काम गावोगावच्या माणसांनी केलं.

म्हणून विचारतोय. तुमच्या गावात दीक्षा कधी झाली, कुणी दिली, दुसऱ्या दिवशी काय बदललं? घरात ऐकलेलं लिहा.

सोयगावचा वाटसरू

चांगला धागा. अजिंठ्याचं थोडं जोडतो, आमचं गाव त्याच अंगाला आहे.

28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी "सापडली" असं छापतात. स्थानिक माणसाला ती कधी हरवलीच नव्हती, गुराखी तिथे जात होते, जवळच्या गावाचं नाव लेणापूर आहे. स्मिथने दहा नंबरच्या लेण्यात काय केलं तर खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख ओरखडली. ती खूण आजही आहे. पुढे 1844 पासून रॉबर्ट गिलने इथे मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या आणि 1866 च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या.

निजाम सरकारचं श्रेय मात्र द्यायला हवं. गुलाम यझदानी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते, 1920 च्या सुमारास इटलीहून जाणकार बोलावून चित्रांचे सुटलेले पापुद्रे पक्के करून घेतले. यझदानींचे अजिंठ्यावरचे चार खंड अजून अभ्यासकांना लागतात. म्हणजे राज्याने भिंतीवरच्या बुद्धावर खर्च केला, आणि त्याच राज्यात दौलताबादला तो प्रसंग घडला. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र सांगितलं पाहिजे. वाकाटकांचा दिवाण वराहदेव याचा लेख असलेली आमची जंजाळ्याची घटोत्कच लेणी मात्र आजही ओस असतात. त्याबद्दल कुणाला कळवळा नाही.

मांजराकाठ

आमच्याकडं (लातूर जिल्हा, तेव्हा उस्मानाबाद) दीक्षा नागपूरनंतर झाली. नागपूरला आमच्या गावचं कुणी गेलं नव्हतं, तेवढे पैसेच नव्हते. माझ्या आज्यानं सांगितलेलं लिहितो.

आमच्या वस्तीतला एकच पोरगा शिकत होता, औरंगाबादला, मिलिंदच्या बोर्डिंगात. तो सुट्टीला आला तेव्हा वंदनेचं छोटं पुस्तक घेऊन आला. बुद्धाची मूर्ती कुठली असणार? एक छापील तसबीर होती, ती ज्वारीच्या पिठाच्या खळीनं पुठ्ठ्याला चिकटवली आणि कुडाच्या भिंतीला टांगली. पोरगा एक ओळ म्हणायचा आणि मागून सगळी वस्ती. कुणाला पाली येत नव्हती. आजा म्हणायचा, "शब्द वाकडे होते बाबा, पर मान सरळ होती."

दुसऱ्या दिवशी काय बदललं विचारलंय. दोन कामं त्याच आठवड्यात बंद झाली. मेलेलं ढोर ओढायचं बंद आणि येसकराची (गावच्या राखणदारीची) फेरी बंद. घरातले देवाचे टाक फडक्यात बांधून मांजरेच्या डोहात सोडले. चांदीचे होते, मोडले असते तर दोन महिने खायला झालं असतं, पण कुणी मोडले नाहीत. आज्जी मरीआईचं मात्र लई दिवस मनात धरून होती. लेकराला गोवर आला की तिचा जीव खालीवर व्हायचा. पण तिनं परत मांडलं नाही.

आणि मग बहिष्कार. सुगीला कामाला बोलावलं नाही, दुकानातून मीठमिरची मिळंना, गायरानातून जनावरं हाकलली. काही घरं तेव्हाच सोलापूर, मुंबई गाठून गेली. जे राहिले ते पडीक गायरान वाहून राहिले. आमचा धम्म आणि आमचं गायरान एकाच वेळी सुरू झालं. 1959 आणि 1964 च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आमच्या वस्तीतले बाप्ये-बाया तुरुंगात गेले. ही जमीन बौद्ध धर्माच्या इतिहासात कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिली.

बालाघाट

धागा आवडला, पण दोन शंका मांडतो. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

पहिली, हा धम्म मराठवाड्यात जवळजवळ एकाच जातीपुरता राहिला. मातंग, चर्मकार बहुतांशी आले नाहीत, इतर समाज तर नाहीच. दुसरी, बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या त्या घरोघरी लावलेल्या असतात, पण कागदपत्रांवर अनेकांच्या दाखल्यात अजून "हिंदू महार" असतं. हा विरोधाभास कसा समजून घ्यायचा?

खामकाठ (धागाकर्ता)

मांजराकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून पुढे काही सुचेना. आज्याचं वाक्य जपून ठेवा.

बालाघाट, दोन्ही शंका रास्त आहेत. दाखल्याचं आधी सांगतो, कारण त्यात लोकांना विनाकारण दोष दिला जातो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्ध झालात की त्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने 1960 मध्ये राज्यापुरत्या त्या नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या शिष्यवृत्त्या यांसाठी 1990 पर्यंत वाट बघावी लागली. 34 वर्षं! गरीब बापाने पोराच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं? धर्म लिहिला तर पोराची रेल्वेतली, पोस्टातली नोकरी जाते, आणि जुनी जात लिहिली तर आपण घेतलेली प्रतिज्ञा खोटी ठरते. हा पेच सरकारने घातला होता, लोकांनी नाही. त्यातला प्रत्येक दाखला मला त्या बापाच्या बाजूने वाचावासा वाटतो.

आणि तरीही जनगणना बघा. 1951 मध्ये देशात बौद्ध दोन लाखांच्या आत. 1961 मध्ये साडेबत्तीस लाख, त्यातले सुमारे 27.9 लाख एकट्या महाराष्ट्रात. सवलती जातात हे माहीत असून इतक्या लोकांनी प्रगणकाला "बौद्ध" सांगितलं. 2011 मध्ये देशात 84.4 लाख, महाराष्ट्रात 65.3 लाख. या देशातला बौद्ध धर्म आज प्रामुख्याने मराठी बोलतो.

एका जातीपुरतं राहिल्याचं म्हणाल तर ते दुखणं खरं आहे, आणि त्यावर आतल्या माणसांनीही बोललं पाहिजे. 2007 मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांनी दीक्षा घेतली, तेव्हा आशा वाटली होती. मराठवाड्यात ते लोण हवं तसं पोचलं नाही.

पाली वाचक

धागाकर्त्यांच्या मांडणीशी बराचसा सहमत, पण 1950 पासून सुरुवात हे मला पटत नाही. मिलिंद कॉलेज उभं राहण्याआधी बुद्ध मराठीत येऊन बसले होते.

कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी 1898 मध्ये मराठीत बुद्धचरित्र लिहिलं आणि 1907 मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांना ते भेट दिलं. एका शाळकरी मुलाच्या हातात पडलेल्या त्या पुस्तकाचा परिणाम 49 वर्षांनी नागपूरला दिसला. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. घर सोडून नेपाळ, लंका, ब्रह्मदेश करत पाली शिकले, पुण्यात फर्ग्युसनला पाली शिकवलं, मुंबईत परळला कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार काढला. पाली त्रिपिटक मराठी वाचकाच्या हाताला लागलं ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. आणि दक्षिणेत अयोथीदास पंडितांनी 1898 मध्येच मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला होता, दलितांनी बुद्धाकडे जाण्याची वाट त्यांनी बाबासाहेबांच्या कितीतरी आधी दाखवली. कलकत्त्यात कृपाशरण महास्थविरांनी 1892 मध्ये बंगालच्या बौद्धांची संस्था उभी केली. दीक्षेच्या दिवशी नागपूरला पंचशील देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशचे, आयुष्य कुशीनाऱ्यात काढलेले. इतक्या ठिकाणची माणसं लागली त्या एका दिवसाला.

अजून एक गोष्ट. बुद्धाच्या मूळ भूमीतच बौद्धांना हक्काची जागा मिळाली का, हा प्रश्न सुटलेला नाही. बोधगयेचं महाबोधी विहार 1949 च्या कायद्याने चालतं. समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. तो अध्यक्ष हिंदूच हवा ही अट 2013 पर्यंत होती. धर्मपालांनी 1891 मध्ये सुरू केलेला लढा आज आमच्या भागातले भिक्खू आणि उपासक पुढे नेतायत, बोधगयेच्या आंदोलनात मराठी घोषणा ऐकू येतात.

पूर्णेकाठची लेक

मी परभणी जिल्ह्यातली. सगळे प्रतिसाद वाचले, पण यात बायका कुठे आहेत? म्हणून लिहिते.

आमच्या गावात धम्म टिकला तो वर्षावासातल्या वाचनाने. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री विहारात "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वाचतात. बाबासाहेबांचा हा ग्रंथ इंग्रजीत 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात निघाला. आमच्या विहारातली मराठी प्रत इतक्या हातांतून गेलीय की पानांचे कोपरे गोल झालेत, पुठ्ठ्याला निळं कापड शिवलंय. शेतातून येऊन भाकरी-कालवण उरकून बायका पांढऱ्या साडीत येतात. एक वाचणार, बाकीच्या ऐकणार. मध्येच कुणीतरी थांबवते, "हे परत वाच गं, नीट कळलं न्हाई." मग त्यावर चर्चा. आम्रपाली आली की चर्चा लांबते, पटाचारा आली की कुणाचे तरी डोळे भरतात, कारण लेकरं गमावलेली बाई प्रत्येक वस्तीत असते.

माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरओळख झाली, पण सलग वाचायला त्या या ग्रंथावर शिकल्या. आधी फक्त ऐकायच्या, मग बोट ठेवून ओळ धरायच्या, आणि पुढे एका वर्षावासात त्यांना पान दिलं गेलं. कपिलवस्तूवर अडखळल्या, परत मागे गेल्या, पान पूर्ण केलं. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, पुस्तक पुढच्या बाईकडे सरकलं. समाप्तीला खीर असते, तेव्हा त्यांनी स्वतः चूल धरली.

लेण्यांत उपासिका कोरल्यात असं धागाकर्त्यांनी लिहिलंय. आमच्या विहारात रोज पंचवीस-तीस असतात. विहाराचं छत पत्र्याचं आहे, पाऊस आला की वाचणारीचा आवाज ऐकू येत नाही, मग सगळ्या जवळ सरकून बसतात.

मांजराकाठ

ताई, लई भारी लिहिलंत. आमच्याकडंही वाचन बायकांनीच धरून ठेवलंय. बाप्ये जयंतीच्या मिरवणुकीला पुढं आणि वाचनाला मागं, हे आमच्या गावचं चित्र आहे. बदलायला पाहिजे.

गोदावरीचं पाणी

नांदेडहून. नामांतराशिवाय हा धागा अपुरा राहील.

मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये सुरू झालं, मिलिंदच्या शेजारीच. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या जिल्ह्यांत वस्त्या पेटल्या. घरं जाळली, विहिरींत घाण टाकली, माणसं मारली. पोचीराम कांबळे यांना मारलं ते आमच्याच जिल्ह्यात. 1979 मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली एका नावाला.

मी तेव्हा लहान होतो. आमचं घर जळलं नाही, कारण गावातल्या दोन मराठा कुटुंबांनी आमच्या वस्तीच्या तोंडाशी बाजा टाकून रात्र काढली. हेही नोंदलं जावं. शेजारच्या गावात मात्र एक कुड उभा राहिला नाही. ती माणसं आठवड्यांनी परत आली तेव्हा आधी आपापली घरं उभी केली नाहीत, आधी जळालेल्या समाजमंदिराच्या जागेवर पंचरंगी झेंडा लावला. मोठेपणी मी विचारलं, असं का? उत्तर मिळालं, "घर आमचं होतं, झेंडा सगळ्यांचा."

त्यामुळे बालाघाट यांच्या शंकेवर माझं म्हणणं असं. मराठवाड्यातला बौद्ध माणूस दाखल्यावर काय आहे यापेक्षा 1978 मध्ये त्याने काय सोडायला नकार दिला हे बघा.

बालाघाट

गोदावरीचं पाणी, तुमच्या प्रतिसादाने माझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मिळालं. 1990 च्या दुरुस्तीची माहितीही नवीन होती. पहिल्या शंकेवर मी अजून ठाम आहे. वस्तीतल्या वाचनाला गावातला इतर माणूस का येत नाही? त्याला बोलावलं जात नाही की तो येत नाही?

पूर्णेकाठची लेक

बोलावतो. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीला येतात, वाचनाला येत नाहीत. आमच्या गल्लीशेजारच्या दोन मातंग घरांतल्या सुना मात्र गेल्या काही वर्षांपासून नियमाने बसतात. सुरुवात अशीच होईल.

पाली वाचक

बालाघाट यांच्या प्रश्नाला जोडून. दीक्षेनंतर वेगवेगळे प्रवाह आले. इंग्रज भिक्खू संघरक्षितांच्या प्रेरणेने 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्रैलोक्य बौद्ध महासंघाचं काम पुण्यातून सुरू झालं आणि मराठवाड्यातही पोचलं. विपश्यनेचे गोएंकाजी 1969 मध्ये ब्रह्मदेशातून आले, इगतपुरीला केंद्र झालं, तिथे सगळ्या जातींचे लोक दहा दिवस मौन धरून बसतात. पण तिथून परतलेला सवर्ण साधक स्वतःला बौद्ध म्हणवत नाही आणि वस्तीच्या विहारात येत नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये औरंगाबादला जागतिक धम्म परिषद झाली, दलाई लामा नागसेनवन परिसरात बोलले, मैदान भरून वाहत होतं. गर्दीत मी मुद्दाम बघत होतो. ध्यानाला बसणारा वर्ग आणि निळ्या झेंड्याखालचा वर्ग तेव्हा एका मांडवात आला होता. ते नंतर टिकवायला कुणीतरी घरोघर जायला हवं होतं.

सोयगावचा वाटसरू

पितळखोऱ्याला जाणाऱ्यांसाठी: कन्नडहून चाळीसगाव रस्त्याने गौताळा अभयारण्याच्या अंगाने फाटा आहे. दरीत पायऱ्या उतरायच्या. पावसाळ्यात धबधबा जोरात असतो आणि पायऱ्या शेवाळतात, त्यामुळे दिवाळीनंतर जा. यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, इथे शोधू नका. मितदेवाचा लेख चैत्याच्या खांबावर आहे, विजेरी तिरकी धरली तरच अक्षरं उठून दिसतात.

खामकाठ (धागाकर्ता)

पाली वाचक, केळुसकर आणि कोसंबी यांच्याशिवाय सुरुवात होत नाही हे मान्य. मी म्हणत होतो ते वस्तीत पोचण्याबद्दल. मुंबई-पुण्यात छापलेला बुद्ध मांजरेच्या काठी कसा पोचला, तर मिलिंदच्या बोर्डिंगातल्या पोराच्या पिशवीतून. अशी शेकडो पोरं असणार. त्यांची यादी कुणी केलेली नाही.

म्हणून एक विनंती. 1956-57 मध्ये जाणते असलेले लोक आता पंचाऐंशी-नव्वदीत आहेत. घरात, गल्लीत असं कुणी असेल तर फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा. पहिली वंदना कुणी म्हटली, पुस्तक कुठून आलं, देव्हाऱ्याचं काय केलं, पहिलं लग्न बौद्ध पद्धतीने कुणाचं लागलं आणि ते कुणी लावलं, बहिष्कार किती दिवस चालला, पाणी कुठून आणलं, गायरान कोणत्या साली वाहिलं, एवढं विचारलं तरी पुष्कळ. बोलणाऱ्याची परवानगी घ्या, नावं द्यायची नसतील तर देऊ नका, गाव आणि साल मात्र लिहा.

मांजराकाठ

माझी मोठी आत्या आहे, नव्वदीच्या पुढं. कानाला कमी ऐकू येतं पण आठवण खणखणीत. तिचं लग्न आमच्या वस्तीतलं बौद्ध पद्धतीचं पहिलं, असं घरात बोलतात. येत्या रविवारी जातो.

गोदावरीचं पाणी

पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते, नांदेड-हिंगोली-परभणीकडची खेडी तिथे लोटतात. म्हातारी माणसं एकाच ठिकाणी भेटायला त्याहून चांगली जागा नाही. मी आणि दोन मित्र तिथे भोजनदानाच्या मांडवाजवळ वही आणि रेकॉर्डर घेऊन बसणार आहोत. या धाग्यावरचं कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, हिंगोलीकडच्या गावांसाठी माणूस कमी आहे.